दोन तलावांचा नारू

माझ्या लग्नाच्या बोलणीत माझं मत कुणी विचारलं नाही. माझ्या पायातल्या नारूचं मात्र विचारलं.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, आमचा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे, आणि उन्हाळा आला की गावोगाव कुणी ना कुणी पाय लांब करून बसलेलं असे. आताच्या पोरांना नारू माहीत नाही, म्हणून सांगतो. नारू म्हणजे सुतासारखा बारीक, पांढरा आणि जवळजवळ दोन हात लांब असा किडा. तो माणसाच्या अंगात वर्षभर भाडं न देता राहतो आणि एक दिवस पायाला फोड आणून त्यातून तोंड बाहेर काढतो. त्याला ओढून काढता येत नाही. ओढला तर तुटतो, आणि तुटला तर उरलेला आत सडून पायाची वाट लावतो. म्हणून बाहेर आलेलं टोक एका काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडी थोडी काडी फिरवायची. वीस दिवस, महिनाभर, जशी त्याची मर्जी असेल तसं.

तसा मी किड्यांना बिचकणारा माणूस नव्हतो. धान पिकवणाऱ्याला बिचकून चालत नाही. धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, गांडुळं होती, रोवणीत पोटरीला चिकटणाऱ्या जळवा होत्या, धानात खोडकिडा होता, आणि लहानपणी पोटात जंत होते, ज्यांच्यासाठी माय पळसाच्या बियांची कडू पूड नाक दाबून पाजत असे. जंगलात ऐनाच्या झाडांवर रेशमाच्या कोशाच्या अळ्या होत्या. त्यांची राखण करणारे ढिवर, म्हणजे एरवी मासे मारणारे लोक, तेवढे दिवस मासे खाणं सोडून सोवळ्यानं राहत (ढिवर मासे सोडतो यावरूनच त्या अळीचा मान समजून घ्यावा). या सगळ्यांचं आणि माझं ठीक चाललं होतं. त्यांतलं कुणी कधी माझ्या सोयरिकीच्या मधे आलं नव्हतं.

आता तलावाचं सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथला आहे. आम्ही कोहळी. आमच्यात माणसाची पत त्याच्या वाडवडिलांनी बांधलेल्या तलावावरून ठरते. आमच्या बोदऱ्याचा तलाव माझ्या पणज्यानं बांधलेला. बाबांना आम्ही चार मुलं होतो, पण घरी पाहुणा आला की ते आधी तलाव दाखवत आणि ऊन उतरलं असलं तरच मुलं. बाबांचा एक पक्का सिद्धांत होता : बोदऱ्याच्या तलावाच्या पाण्यानं नारू होत नाही. गावात कुणाला झालाच, तर तो बाहेरगावी पाणी पिऊन आला असं ठरे. एकदा अशा एका म्हातारीला नारू झाला की जी जन्मात गावाबाहेर पडली नव्हती. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "तिच्या घरी पाहुना आलता ना मागं? त्यानंच आनला असंल."

माझं लग्न ठरलं ते चिचटोल्याच्या डोमाजी पाटलांच्या मुलीशी, सुभद्राशी. डोमाजीही कोहळी. त्यांच्याही गावाला तलाव, त्यांच्या आजानं बांधलेला, आणि त्याच्याही पाण्यानं म्हणे नारू होत नसे. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, करून बाबा परतले तेव्हा मायनं उंबऱ्यातच विचारलं,

"पोरगी कशी हाय जी?"

"पाळ मजबूत हाय," बाबा म्हणाले. "पन सलंग उथळ ठेवली."

(पाळ म्हणजे तलावाचा बांध, आणि सलंग म्हणजे तलाव भरला की जादा पाणी निघून जायची वाट. मुलीबद्दल मायला पुढे दोन दिवसांनी समजलं, तेही दुसऱ्या कुणाकडून.)

नवरदेवानं लग्नाआधी मुलगी पाहायची नाही अशी आमच्यात रीत होती. साक्षगंधालाही त्याला नेत नसत. मी ही रीत पाळली, असा सगळ्यांचा समज होता.

लग्न वैशाखात होतं. चैत्रात माझ्या डाव्या घोट्याजवळ फोड आला. इतकी आग व्हायला लागली की मी पाय बादलीत बुडवून बसलो. थोड्या वेळानं पाहतो तर फोड फुटला होता आणि मधून पांढरं सूत डोकावत होतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. राग आला नाही, भीती वाटली नाही, फक्त फार थकल्यासारखं झालं.

बकाराम म्हाली याला बोलावणं गेलं. म्हाली म्हणजे न्हावी. आमच्याकडे डोई करणं, लग्नाचे निरोप नेणं आणि नारू काढणं ही तिन्ही कामं एकाच माणसाकडे असत. कामं तिन्ही नाजूक होती आणि बकाराम तिन्ही एकाच चेहऱ्यानं करी. त्यानं पाय मांडीवर घेतला, वाकून पाहिलं आणि म्हणाला,

"नारू हाय."

"ते मलेई दिसून राहिलं."

"मंग काय, चांगलंच हाय. हलू नोका. हसू नोका. शिंक आली तं आधी सांगून द्या."

त्यानं बांबूची एक बारीक काडी तासली, सुताचं टोक तिला गुंडाळलं, काडी घोट्याला चिंधीनं बांधली आणि वर एरंडाचं पान ठेवलं. रोज सकाळी यायचं, दोन बोटं गुंडाळायचं आणि जायचं, असं ठरलं. मायनं गुळात हिंग घालून द्यायला सुरुवात केली. मी खाटेवर, माझ्या पायावर काडी, काडीवर तो. घरातले येताजाता आधी काडीकडे बघत आणि मग माझ्याकडे.

बाबा संध्याकाळी खाटेशी येऊन उभे राहिले.

"कोन्या गावचं पानी पेलास?"

"आपल्याच गावचं."

"आपल्या गावच्या पान्यानं नारू होत नाई," बाबा म्हणाले आणि बैल बांधायला गेले.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मला गोंदियाला नेलं. स्टेशनपर्यंत गाडीबैल, पुढे छोट्या लाइनची रेल्वे. उपचारासाठी नव्हे, उपचार बकाराम करतच होता. बाबांना नारू आपल्या तलावाचा नाही असा दाखला हवा होता. तिथल्या दवाखान्यातला डॉक्टर हिंदी बोलणारा, घाईत असलेला. त्यानं काडी पाहिली, मान हलवली.

"ठीक लपेटा है। जो लपेट रहा है, उसी से लपेटवाओ।"

"पर आया कहाँ से, साहब?" बाबांनी विचारलं.

"पानी से। आज का नहीं, साल भर पहले का पानी। पिछले साल इन्हीं दिनों कहाँ का पानी पिया था, याद करो।"

त्या भल्या माणसाला वाटलं असेल, आपण उपयोगाची माहिती दिली. परतीच्या गाडीत बाबा बोटांवर महिने मोजत होते.

"मागल्या चैतात तू कोठी होतास?"

मी खिडकीबाहेर बघितलं. मागल्या चैत्रात मी कुठे होतो हे मला चांगलं माहीत होतं. उसाच्या चरकाचं चाक दुरुस्त करायला मी गोंदियाला गेलो होतो. चाक लोहाराकडे टाकलं, तो म्हणाला दोन दिवसांनी या, आणि मी ते दोन दिवस गोंदियात न काढता वाटेतल्या स्टेशनवर उतरून चिचटोल्याला गेलो. सोयरिकीची बोलणी नुकतीच सुरू झाली होती. बकारामकडून मी काढून घेतलं होतं की मुलीच्या उजव्या गालावर तीळ आहे. तेवढ्या माहितीवर मी चार कोस चाललो.

तलावाच्या घाटावर बायका पाणी भरत होत्या. परक्या पुरुषानं तिथं उगाच उभं राहणं बरं दिसत नाही. कारण पाहिजे. शेजारी एक गृहस्थ म्हैस धूत होते, म्हणून मी म्हशीची किंमत विचारली. त्यांनी सांगितली. मी शिंगं चांगली आहेत म्हणालो. ते म्हणाले, दूधही चांगलं आहे. मी हो म्हणालो आणि घाटाकडे बघत राहिलो. तिळाची मुलगी घागर भरून वर आली तेव्हा मी तहान लागल्याचं सांगितलं. तिनं घागर कलंडली, मी ओंजळ धरली. पाणी पिताना मान वर करून बघता येतं, ही सोय मला त्या दिवशी समजली. घागर रिकामी झाली. तिनं मुकाट्यानं परत भरून आणली. मी परत प्यायलो. जन्मात इतकं पाणी एका बैठकीत मी प्यायलो नव्हतो.

हे बाबांना कसं सांगणार? चोरून मुलगी पाहायला जाणारा, बायकांच्या घाटावर उभा राहणारा जावई डोमाजींनी ठेवला नसता. वर त्यांच्या तलावात नारू आहे असं म्हणणं म्हणजे त्यांच्या आजाच्या तोंडावर थुंकणं. आणि मला ती मुलगी हवी होती, हे आता लपवत नाही. त्या तिळासाठी मी अजून एक घागर प्यायला तयार होतो.

"गोंदियाच्या टेसनावर पेलो होतो," मी म्हणालो.

बाबांचा चेहरा उजळला. "सायबाचं पानी," ते म्हणाले. "मले वाटलंच."

हे समाधान एक रात्र टिकलं. सकाळी बकाराम दोन बोटं गुंडाळता गुंडाळता सहज म्हणाला, "टेसनावर तं नळ हाय जी. नळातून नारू आला असता तं सायबाच्याई पायाले आला असता." बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की दुसऱ्याचा हात हलला असता. बकारामचा हलला नाही.

तोच बकाराम त्या आठवड्यात लग्नाचा काही निरोप घेऊन चिचटोल्याला गेला. तिथं रीतीप्रमाणे त्याला विचारलं गेलं, नवरदेव कसा आहे? दुसऱ्या कुणी 'मजेत आहे' म्हटलं असतं. पण बकारामला कामाचा अभिमान होता.

"आठ बोटं निगाला," तो म्हणाला. "बाकीचा आत हाय."

तिसऱ्या दिवशी डोमाजी पाटील आमच्या दारात. खासर म्हणजे हलकी बैलगाडी, ती त्यांनी अशी हाकली होती की बैलांच्या तोंडाला फेस होता. बरोबर त्यांचे धाकटे भाऊ बुधाजी होते. मी खाटेवर ओसरीतच होतो. बुधाजींचं तोंड पाहिलं आणि मी चादर डोक्यावर ओढून घेतली. म्हैस धुणारे गृहस्थ ते हेच होते.

"पोराले थंडी वाजून राहिली काय?" डोमाजींनी विचारलं.

"लाजून राहिला," बाबा म्हणाले.

पाणी आलं. डोमाजींनी तांब्याकडे पाहिलं आणि तो हात न लावता बाजूला सरकवला. बाबांना ते दिसलं. मला चादरीतूनही ते दिसल्यासारखं झालं, कारण तांब्या सरकल्याचा आवाज आला.

"इवाई," डोमाजी म्हणाले (इवाई म्हणजे व्याही), "राग नोका धरू. माझी थोरली बहीन अशाच एका तलावाच्या गावात देल्ली होती. दोन्ही पायाले नारू झाले. तुटले. आता ती बसल्या बसल्या सरकते. तिची लेकरं तिले उचलून अंगनात ठेवतात. मी पायलं हाय ते. सुभद्राले मी तसं पाहू शकत नाई. हा नारू तुमच्या तलावाचा असंल तं हे लगन होनार नाई."

ते ओरडून बोलले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले, आणि बाबांना भांडायला जागा राहिली नाही. पण बाबा जागा करून घेणारे होते.

"आमच्या तलावाचा नाई तो."

"मंग कोन्या तलावाचा?"

"कोन्या का असंना. आमच्या तलावाचं पानी पातळ. त्यात इतका लांब नारू मावनार नाई."

"पानी जाड कोठी असते?"

"तुमच्या गावी असंल."

एवढ्यात रोजच्या वेळेला बकाराम आला. कुणाकडे न बघता त्यानं माझ्या पायावरची चादर बाजूला केली (डोक्यावरची मी धरून ठेवली होती) आणि काडी सोडली. दोघे पाटील त्याच्या दोन बाजूंना वाकले.

"बकाराम," बाबा म्हणाले, "तुझ्या हातून शंभर नारू गेले असतील. पाहून सांग. हा कोनचा?"

"पाटील, नारू बोलत नाई."

"रंगावरून?"

"सगळे पांढरेच असतात जी."

"हा जरा पिवळा दिसून राहिला," डोमाजी म्हणाले. "आमच्याकडं पिवळा नसते."

"तुमच्याकडं तं नारूच नसते म्हनत होते ना तुमी?" बाबा म्हणाले.

डोमाजी परत काडीवर वाकले. बाबांना आनंद झाला, पण तो फार वेळ टिकला नाही. कारण बुधाजी इतका वेळ माझ्या डोक्यावरच्या चादरीकडे बघत होते आणि आता त्यांनी ती वर उचलली.

"कोठी तरी पायलं तुले," ते म्हणाले.

"नाई जी."

आवाज ऐकला आणि ते जागीच खाली बसले. "म्हैस," ते म्हणाले. "दादा, हा तोच. मागल्या साली म्हैस इकत घ्याले आलता तो. भाव इचारला, शिंगं चांगली म्हनला, अन् म्हशीकडं एक बार पायलं नाई यानं. येतो म्हनून गेला. मी चार दिस दुसऱ्या गिऱ्हाइकाले हो नाई म्हनलो."

"कोठी आलता?" बाबांनी विचारलं.

"आमच्या घाटावर. अन् पानी तं असा पेला, का आमाले वाटलं तलाव आटते."

बाबा सावकाश माझ्याकडे वळले. डोमाजीही वळले. मी मान खाली घातली, पण खाली तर तो काडीवरचा होता.

आता कुणीही शहाण्या बापानं आधी मुलाला झापलं असतं. बाबांनी ते पुढच्या वर्षावर टाकलं. त्यांच्या तोंडावर चाळीस वर्षांच्या सिद्धांताला पुरावा मिळाल्याचं तेज आलं.

"पायलंत?" ते डोमाजींना म्हणाले. "चैतातच. तुमच्या घाटावर. डागदर म्हनला तसंच. इवाई, हा नारू तुमचा हाय."

"माझा?" डोमाजींचा हात काडीकडे गेला. "पाहू दे. माझं नाव लिहून हाय का याच्यावर?"

"हात नोका लावू जी," बकाराम म्हणाला.

"तुमचा हाय, तं आता तोंड कायले फिरवता?" बाबांनी काडीचं दुसरं टोक धरलं.

"माझ्या आजाच्या तलावाले नाव ठेवता?"

"अन् तुमी माझ्या आजाच्या?"

"सोडा."

"तुमी सोडा."

दोघांनी एकदमच सोडली असती तर बरं झालं असतं. दोघांनी एकदमच ओढली. मला फक्त आत, पोटरीच्या मध्यावर, कुणी दोरा तोडावा तसं वाटलं. मग काडी हवेत होती, तिच्यावर हातभर पांढरं सूत होतं, आणि माझ्या घोट्यापाशी काहीच नव्हतं.

बकारामनं काडी त्यांच्या हातातून घेतली, नीट पाहिली आणि एरंडाच्या पानावर ठेवली.

"आता वाटून घ्या," तो म्हणाला. "अर्धा तुमचा, अर्धा त्यांचा. पोराच्या वाटनीचा आत राह्यला."

रात्रीतून पाय मांडीइतका झाला. त्यापुढचे दिवस मला तुकड्या तुकड्यांत आठवतात. डोमाजींच्या खासरात घातलेलं गवत आठवतं. गोंदियाचा तोच डॉक्टर आठवतो, जो पाय पाहून फक्त "किसने खींचा?" म्हणाला आणि दोन्ही पाटलांनी एकदम "मैंने" म्हणून सांगितलं. पाय दोनदा चिरला. तापात मला भिंतीवर म्हशी दिसत.

माझी खाट खिडकीजवळ होती आणि खिडकीबाहेर ओसरीत दोघे बसलेले असत. वाटलं होतं, इथंही तलाव निघेल. पण तलावाचं नाव दोघांनी काढलं नाही. भांडण आता वेगळं होतं.

"हात माझा लागला," डोमाजी म्हणत. "मी काडी धरली नसती तं काई झालं नसतं."

"ओढली तं मी."

"मी आधी धरली."

"धरल्यानं तुटत नाई. ओढल्यानं तुटते. मी ओढली."

"तुमी मोठे हा, म्हनून आयकून घेतो. पन ओढली मी."

शेजारच्या रोग्यांनी तक्रार केली तेव्हा दोघा पाटलांना आवारातल्या चिंचेखाली घालवलं. तिथून आवाज आणखी चांगला यायचा. पाचव्या की सहाव्या दिवशी, ताप उतरत असताना, मी हे ऐकलं :

"इवाई, पोरगा लंगडा झाला तं त्याले दुसरं कोन पोरगी देईल?" हे डोमाजी होते. "पाय माझ्या हातानं गेला. मीच द्याव लागन."

"लंगडा नाई होनार तो."

"झाला तरी देतो, नाई झाला तरी देतो. पन एक वचन पायजे. माझ्या पोरीले तुमच्या घरी चालता आलं पायजे. मरेपरेंत. आपल्या पायानं."

मी खिडकीशी कान लावून होतो. बाबा तलावावाचून दुसरं काही बोलतील असं मला वाटत नव्हतं, आणि ते तलावाचंच बोलले.

"तिले नारू झाला," ते म्हणाले, "तं मी माझ्या हातानं पाळ फोडतो."

पणज्याची पाळ. ज्या पाळीवर कुणी चपला घालून चढलेलं त्यांना चालत नसे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तापामुळे नव्हतं. बाबांनी माझ्यासाठी कधी इतकं मोठं काही पणाला लावलं नव्हतं. नंतर लक्षात आलं की माझ्यासाठी नाही, सुनेसाठी लावलं. तरी मला बरं वाटलं.

लग्न वैशाखाऐवजी माघात झालं. मी काठी टेकत मांडवात गेलो. बुधाजींनी आंदण म्हणून तीच म्हैस दिली. सगळ्यांच्या देखत त्यांनी माझा हात धरून मला तिच्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, "या बारी पाहून घ्या."

सुभद्रा घरात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं पहिलं काम काय केलं, तर जुन्या लुगड्याचं फडकं दुपदरी करून घागरीच्या तोंडाला बांधलं. बाबांनी पाहिलं.

"आमच्या तलावाचं पानी गाळाव लागत नाई, बाई."

"व्हय जी मामाजी," ती खाली मान घालून म्हणाली. "पानी चांगलंच हाय. मी तं माती गाळून राहिली."

तलावात माती असते हे बाबांना मान्य होतं. फडकं राहिलं. मग शेजारणींच्या घागरींनाही फडकी आली, कुणी न सांगता. आमच्या घरात पुन्हा नारू झाला नाही, आणि बाबा शेवटपर्यंत लोकांना सांगत की बोदऱ्याच्या तलावाच्या पाण्यानं नारू होतच नाही. पाळ फोडायची पाळी आली नाही.

मला मात्र एक गोष्ट छळत होती. एके दिवशी दुपारी मी तिला विचारलं,

"तुमच्या घरी पहिलेपासून गाळता?"

"आत्याचे पाय पायल्यापासून. मायनं नेमच केला. बाबाले ठाव नाई, त्याहिले राग येते."

"मंग मले देल्लं ते पानी?"

ती हसली. लग्नानंतर पहिल्यांदाच मला बघून अशी हसली.

"पहिली घागर गाळूनच भरली होती. नवरदेवाचा कान मुडपलेला हाय म्हनून बकारामनं सांगतलं होतं, मी तं पायल्या पायल्या वळखलं तुमाले. पन तुमी घागरभर पेले तरी हात काढूनच नाई राहिले. मंग फडकं कोन बांधते? तशीच तलावात बुडवून आनली."

म्हणजे एका घागरीवर थांबलो असतो तर काही झालं नसतं. दोन पाटील, दोन तलाव, दोनदा चिरलेला पाय, हे सगळं माझ्या दुसऱ्या घागरीपायी. हे मी बाबांना कधी सांगितलं नाही.

आता म्हातारपणी कुणी आलं, पाय दिसला, विचारलं, की मी ही हकीकत सुरू करतो. सुरुवातीला सुभद्रा ऐकत असे. हल्ली मी तलावापर्यंतही पोचत नाही तोच ती सूप घेऊन उठते आणि पाहुण्याला सांगते, "बसा जी सावकाश. पायातला महिन्याभरात निगाला असता. ह्याहिले मी चाळीस वर्सांपासून गुंडाळून राहिली, अजून दुसरं टोक नाई सापडलं. अन् ओढाव तं तुटतील म्हनून भेव लागते."